म्हैस नसती तर

2008 साली साताऱ्यात एका हौशी छायाचित्रकार मंडळाच्या स्पर्धेला मी परीक्षक होतो. विषय होता 'आपलं पठार', म्हणजे कास, हे साताऱ्यात वेगळं सांगावं लागत नाही. आलेल्या शंभरेक फोटोंपैकी नव्वद सारखेच होते: खाली तेरड्याचा गुलाबी पट्टा, वर ढगांचा करडा पट्टा. एक मात्र वेगळा होता. तेरड्याच्या ऐन मध्यावर पावसानं निथळणारी एक म्हैस, मान वळवून सरळ कॅमेऱ्यात बघणारी. तिच्या मागे दहा पावलांवर डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला म्हातारा गुराखी. फोटो काढणारा पोरगा अकरावी-बारावीतला असावा.

मी त्याला दहापैकी चार गुण दिले. शेऱ्याच्या रकान्यात लाल पेनानं लिहिलं, 'रंगसंगती उत्तम. म्हैस नसती तर पहिलं बक्षीस.'

बक्षीस समारंभात तो पोरगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, पण म्हैस तिथंच होती." मी हसलो. आसपासचे चार जण हसले. मी त्याला थोर छायाचित्रकारांची दोन नावं सांगितली आणि 'संयम' या विषयावर पाच मिनिटं बोललो. म्हैस बाजूला होईपर्यंत थांबायला शिक, असं त्याचं सार होतं.

हे आज लिहितोय कारण मी चुकलो होतो. हे कळायला मला पंधरा वर्षं लागली, आणि कळलं तेही कासवर नाही, इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हनमधल्या एका माळावर.

माझ्या डोक्यात निसर्गचित्राचा एक कायदा पक्का बसला होता. माणूस नको, तार नको, खांब नको, गाडी नको, गुरंढोरं नकोत. निसर्ग म्हणजे ज्यात आपण नाही ते. हा कायदा मी कुठून उचलला ते मला नीट ठाऊक आहे. बँकेत असताना कुणीतरी परदेशातून आणलेलं ॲन्सेल ॲडम्सच्या फोटोंचं जाडजूड पुस्तक मी आठवडाभर घरी ठेवून घेतलं होतं. ते डोंगर, ते ढग, ती निर्मनुष्य भव्यता! तेव्हापासून मी सहकुटुंब सहलीला गेलो तरी फोटो निर्मनुष्यच आले. आमच्या घरी तीस वर्षांचे अल्बम आणि हार्ड डिस्क आहेत. त्यात राजगड आहे, सांदण दरी आहे, निघोजचे रांजणखळगे आहेत, हंपीचे धोंडे आहेत. बायको नाही.

ती प्रत्येक ठिकाणी होती. फक्त चौकटीबाहेर होती. इतक्या वर्षांत ती त्यात इतकी तरबेज झाली की मी तिपाई लावली की ती विचारायची, "सोळा का सत्तर?" म्हणजे लेन्स कुठली. सोळा म्हटलं की पार माझ्या पाठीमागे जायचं, कारण सोळा मिलिमीटरला सगळा मुलूख आत येतो. सत्तर म्हटलं की दोन पावलं बाजूला झालं तरी भागतं. मी हे चारचौघांत कौतुकानं सांगायचो. आमच्या हिला फोकल लेंग्थ कळते, म्हणायचो.

मुलगी नोकरीसाठी एक्सिटरला गेली आणि 2016 च्या ऑगस्टात आम्ही पहिल्यांदा तिच्याकडे गेलो. तिथून गाडीनं पाऊण तासाच्या आत डार्टमूर लागतं. 'मूर' या शब्दाला मराठीत माळ म्हणावं की पठार, यावर आमच्या घरात वाद आहे. माझ्या मते जवळचा शब्द 'सडा'. कोकणात आणि आमच्या घाटमाथ्यावर म्हणतात तो. झाड नाही, आडोसा नाही, पायाखाली दगड आणि पाणी, आणि वारा कानात बोटं घालायला लावणारा. डार्टमूर साडेनऊशे चौरस किलोमीटर आहे. 1951 पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. ऑगस्टच्या शेवटी हेदरची जांभळी आणि गॉर्सची पिवळी फुलं एकदम येतात आणि त्या रंगातून जागोजाग टेकड्यांच्या माथ्यावर दगडांचे ढीग उभे असतात. त्यांना तिथं 'टॉर' म्हणतात. असे दीडशेहून अधिक टॉर आहेत.

आम्ही बेसॉल्टची माणसं. आमच्या डोळ्याला दगडात आडव्या रेघा दिसल्या की लाव्ह्याचे थर आठवतात, एकावर एक वाहत आलेले. टॉरवरही तशाच आडव्या भेगा असतात. एखाद्यानं भाकरीची चळत रचून ठेवावी तसे दगड दिसतात. मीही पहिल्यांदा त्यांना थरच समजलो. पण तो ग्रॅनाइट. सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात, काही किलोमीटर खोल, शिलारस हळूहळू निवला. आपला दख्खनचा कातळ जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्यापुढे पोरच. वरचं ओझं झिजून गेलं तसा खालचा ग्रॅनाइट सैलावला आणि आडवा तडकला. उभ्या भेगा निवतानाच पडलेल्या होत्या. भेगांतून पाणी शिरलं, जिथं भेगा दाट तिथला दगड कुजून वाळू झाला, जिथं विरळ तिथला टिकून राहिला. पुढे हिमयुगातल्या गोठण्या-वितळण्यानं कुजलेला भाग उतारावरून खाली नेला. माथ्यावर उरले ते टॉर. कुजण्याचं काम जास्त की गोठण्याचं, यावर तिथल्या भूशास्त्रज्ञांत 1950-60 च्या दशकांत बरीच जुंपली होती. दगडावर हात फिरवला की पांढरे, बोटाच्या पेराएवढे फेल्डस्पारचे स्फटिक लागतात, घोड्याच्या दातांसारखे. तळहात सोलवटून निघतो. आपला कातळ ओला झाला की घसरवतो, हा कपडे फाडतो.

त्या पहिल्या खेपेला मी हेटॉरचे फोटो काढले. हेटॉर म्हणजे तिथला सिंहगड. सगळ्यांना सोपा, म्हणून सगळेच जाणार. माथ्यावर कायम कुणीतरी हात पसरून उभं. एकोणिसाव्या शतकात लोकांना चढता यावं म्हणून दगडात पायऱ्या खोदल्या, लोखंडी कठडा बसवला. पायऱ्या अजून आहेत, कठड्याचे गंजलेले खुंट उरलेत. मी पहाटे पाचला उठून गेलो, तरी माथ्यावर दोन माणसं आणि एक कुत्रा होताच. दीड तास थांबलो. शेवटी फोटो काढला आणि साताऱ्याला येऊन संगणकावर माणसं पुसली, कुत्रा पुसला, चार मेंढ्या पुसल्या, गंजलेला खुंट पुसला. पायऱ्यांवर शेजारचा दगड आणून चिकटवला. फोटोला नाव दिलं 'आदिम'. तो एका प्रदर्शनात लागला आणि माझ्या घरी दिवाणखान्यातही लागला. येणाराजाणारा म्हणायचा, बघा, अजून अशी माणसाचा हात न लागलेली जागा आहे जगात. मी मान डोलवायचो.

दुसऱ्यांदा गेलो ते 2023 च्या ऑगस्टात. या खेपेला वाईडकम नावाच्या गावाजवळ चार दिवस मुक्काम केला, म्हणजे पहाट आणि संध्याकाळ दोन्ही सापडतील. डेव्हनचे रस्ते एका बैलगाडीच्या रुंदीचे, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर मातीचे बांध आणि त्यावर झुडपं. समोरून ट्रॅक्टर आला की पाव मैल गाडी मागे घ्यायची. मुलगी शांतपणे घ्यायची. मी डोळे मिटायचो.

पहिले दोन दिवस धुक्यानं आणि पावसानं खाल्ले. पाऊस तिथं वरून पडत नाही, बाजूनं येतो. दर मिनिटाला लेन्सवरचे थेंब टिपत बसायचं. मी एक जुनं धुऊन मऊ झालेलं धोतर फाडून नेलं होतं. बाजारातल्या कुठल्याही कापडापेक्षा ते बरं. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर उघडलं आणि आम्ही रिपन टॉरवर गेलो. त्याची उंची 473 मीटर, गर्दी नाही, खाली चहूकडे मोकळे उतार. मला हवं होतं ते सगळं होतं. रिकामा माळ, जांभळी फुलं, आणि सूर्य मावळायला तासभर.

तिरप्या उन्हाची वाट बघणं हा आमच्या धंद्यातला उपास. ते आलं की दगडाला खोली येते, गवताच्या पात्यापात्याला सावली पडते. सात-सव्वासातला ते आलं. मी डोळा लावला आणि खालच्या उतारावर रेघा उमटू लागल्या.

पहिल्यांदा वाटलं लेन्सवर काही आहे. धोतर काढलं, पुसलं. रेघा तिथंच. पायाखालच्या उतारापासून पलीकडच्या टेकडीपर्यंत, सरळ, एकमेकींना समांतर, मधूनमधून आडव्या रेघांनी जोडलेल्या. दुपारी त्याच उतारावर मला एक रेघ दिसली नव्हती. ऊन खाली आलं तसं गवतात बुडालेल्या गुडघाभर उंचीच्या बांधांच्या सावल्या लांबल्या आणि अख्खा उतार शेतांच्या नकाशासारखा उघडा पडला.

मुलीनं मोबाइलवर शोधलं. त्यांना 'रीव्ह' म्हणतात. कांस्ययुगातले शेताचे बांध, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. अँड्र्यू फ्लेमिंग या पुरातत्त्वज्ञानं 1970 च्या दशकात त्यांचा पद्धतशीर छडा लावला आणि 1988 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तोवर लोकांना हे बांध दिसत होते, पण ते किती जुने आणि किती मोठ्या आखणीचे, हे उलगडलं नव्हतं. मैलोन्मैल जमीन कुणीतरी बसून आखली होती, वाटली होती, दगड उचलून बांध घातले होते. आणि त्याच्याही आधी इथं जंगल होतं. माणसानं ते जाळलं, तोडलं, गुरं सोडली. पाऊस वाढला, जमीन आंबली, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचं पीट साचलं. गुरं चरत राहिली म्हणून झाडं परत आली नाहीत. म्हणजे हा माळ म्हणजे शेतकऱ्यांनी सोडून दिलेलं शिवार होतं, आणि मी त्याला 'आदिम' नाव देऊन भिंतीवर लावलं होतं.

मी त्या संध्याकाळी फोटो काढले नाहीत असं म्हणणं शोभून दिसलं असतं. काढले. चाळीसेक काढले. पण मन लागलं नाही. मी सात वर्षांपूर्वी पुसलेला गंजका खुंट सारखा डोळ्यांपुढे येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाउंड टॉरवर गेलो. तिथल्या दगडांची गोष्ट अशी, की बोअरमन नावाच्या शिकाऱ्यानं चेटकिणींच्या रिंगणात घोडा घातला, त्यांनी त्याला दगड केला आणि त्याच्या कुत्र्यांनाही. कुत्री म्हणजे हाउंड टॉर. मैलभरावर एक सुटा उभा खांब आहे, तो बोअरमन. हे ऐकून बायको म्हणाली, "म्हणजे आपल्या माहुलीचे नवरा, नवरी, भटोबा!" माहुलीच्या सुळक्यांना लग्नातली माणसं म्हणायचं, इथल्यांना शिकारीतली. दगड नुसता दगड म्हणून कुणाला बघवत नाही बहुतेक. मी मात्र आयुष्यभर तोच हट्ट धरला होता.

टॉरच्या खालच्या उतारावर एक उजाड गाव आहे. घरांच्या भिंती कंबरेइतक्या उरल्यात. चौदाव्या शतकात लोक सोडून गेले. लांबट घरं, मधे एकच दार, वरच्या अंगाला माणसं आणि उताराच्या अंगाला गुरं. बायको त्या दारात उभी राहिली आणि तिनं न विचारता सांगितलं, "गोठा इकडे. मूत खाली वाहून जायला." तिचं माहेर जावळीचं. धान्य वाळवायच्या भट्ट्यांचे अवशेषही तिथं सापडलेत, कारण ओल्या हवेत ओंब्या उन्हात वाळायच्याच नाहीत. हेही तिला पटलं. त्यांच्या गावी भात भिजला की चुलीवर पाटी धरायचे म्हणे.

तिथंच तट्टं चरत होती. डार्टमूरची बुटकी, झुपकेदार आयाळीची तट्टं. मी त्यांना जंगली समजत होतो. त्यांतलं एक उंबरठ्याच्या दगडाला मान घाशीत होतं. एक बाई आली, साठीची असेल, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात काठी. ती तट्टं मोजत होती. मी विचारलं, ही जंगली ना? ती हसली. म्हणाली, जंगली कसली, प्रत्येकाला मालक आहे, प्रत्येकावर खूण आहे. माळावर चारायचा हक्क ज्या घरांना आहे त्यांची ही जनावरं. थंडी तोंडावर आली की सगळी खाली हाकलून आणायची, मोजायची, शिंगरं वेगळी करायची. तट्टं गॉर्सची कोवळी टोकं आणि भरड गवत खातात, म्हणून तुम्हाला हे हेदर दिसतंय. चार वर्षं चारू नका, मग बघा काय उरतं. ती हे तक्रारीच्या सुरात नाही, नुसती माहिती म्हणून सांगत होती. जाताना माझ्या तिपाईकडे बघून म्हणाली, ती दूर व्हायची वाट बघताय का? मी हो म्हटलं. दुपारपर्यंत इथंच असतात ती, म्हणाली आणि गेली.

सर, पण म्हैस तिथंच होती.

मी बायकोला हाक मारली. ती पिवळा रेनकोट घालून, वारा चुकवून टॉरच्या आडोशाला दशमी खात बसली होती. मला वळलेलं पाहिलं आणि सवयीनं उठली.

"सोळा?"

"सोळाच. पण तिथंच बस."

"आत येतेय मी."

"ये."

"अहो, बरं आहे ना तुम्हाला?"

तिला चौकटीत कसं राहायचं ते येत नव्हतं. कुठं बघू, विचारलं. दशमी लपवू का, विचारलं. रेनकोट काढते म्हणाली, पिवळा रंग तुम्हाला चालत नाही. हे खरं होतं. 2016 साली याच रेनकोटावरून मी तिच्यावर ओरडलो होतो. शेवटी मुलगी म्हणाली, "आई, तू खा. बाबांकडे लक्ष देऊ नकोस." तेव्हा ती खाऊ लागली.

या फोटोत तीस-एक फूट उंचीचा तो धोंड्यांचा ढीग आहे, खाली ओलं गवत, डाव्या कोपऱ्यात तट्टाचा अर्धा पार्श्वभाग, आणि पायथ्याशी पिवळा ठिपका. त्या ठिपक्यामुळे पहिल्यांदा कळतं की दगड केवढा आहे. माझ्या आधीच्या शेकडो फोटोंत तो टॉर दोन फुटांचा असता तरी कुणाला कळलं नसतं. इतकी साधी गोष्ट. नवशिक्यालाही पहिल्या धड्यात सांगतात, मोजमापाला काहीतरी ठेवा. मीही सांगत होतो. त्या काहीतरीत माणूस बसतो, हे माझ्या कायद्यात नव्हतं.

परतीच्या दिवशी हेटॉर चुकवायचं ठरवलं होतं, लाज म्हणून. मुलीनं मुद्दाम नेलं. माथ्यावर नाही, मागच्या खाणीकडे. सात वर्षांपूर्वी मी तिकडे फिरकलोही नव्हतो. खाण म्हणजे कुरूप, असा हिशेब. तिथं आता डोह साचलाय, त्यात कमळाची पानं आणि जुन्या यारीचं लोखंड गंजत पडलंय. खाणीपासून गवतातून एक रुळमार्ग जातो, आणि त्याचे रूळही दगडाचे! 1820 साली बांधला. ग्रॅनाइटचे लांब ठोकळे, कडेला खाच तासलेली, त्यातून घोड्यांच्या गाड्या दगड घेऊन कालव्यापर्यंत जायच्या. तोच दगड लंडनच्या थेम्स नदीवरच्या, 1831 साली उघडलेल्या लंडन ब्रिजला लागला. पुढे तो पूल नव्या वाहतुकीला पुरेना, तेव्हा 1968 मध्ये एका अमेरिकन उद्योजकाला चोवीस लाख साठ हजार डॉलरला विकला. त्यानं दर्शनी दगड नंबर घालून जहाजानं नेले आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात 1971 साली पूल पुन्हा उभा केला. म्हणजे मी ज्या हेटॉरला माणसाचा हात न लागलेला म्हणून विकत होतो, त्याचा एक भाग सत्तर हजार लोकांच्या पायांखालून जाऊन अमेरिकेत पोचला होता. (सत्तर हजार हा आकडा माझा, रागाच्या भरातला, लंडनच्या पुलावरून त्याहून कितीतरी जास्त गेले असणार.)

मुलीनं मला तिच्याकडचं जेम्स रॅव्हिलियसच्या फोटोंचं पुस्तक दिलं. या माणसानं 1972 पासून सतरा वर्षं उत्तर डेव्हनची खेडी टिपली. शेतकरी, मेंढ्या, चिखल, दवाखाना, शाळा. काळेपांढरे फोटो, पुष्कळसे उन्हाच्या तोंडावर कॅमेरा धरून काढलेले. आणि प्रकाश मऊ यावा म्हणून तो कोटिंग नसलेल्या जुन्या लेन्स शोधून वापरायचा. त्यात निसर्ग आहे, भरपूर आहे. पण एकही जागा रिकामी नाही. घरी येऊन मग ॲडम्सही पुन्हा बघितला, या खेपेला चष्मा लावून म्हणा. त्याचा सगळ्यांत गाजलेला फोटो म्हणजे 1941 चा हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय. त्यात घरं आहेत, चर्च आहे, स्मशानातले पांढरे क्रूस आहेत. मला इतकी वर्षं फक्त चंद्र दिसत होता! दुसरा, 1944 चा लोन पाइनचा सूर्योदय. त्यात कवडशात एक घोडा चरतोय, आणि तो घोडा पाठ फिरवून उभा होता म्हणून ॲडम्स त्यानं आडवं व्हावं याची वाट बघत थांबला होता. मी संयमावर व्याख्यान दिलं ते याच माणसाच्या जिवावर. तो घोडा जाण्याची नव्हे, घोडा वळण्याची वाट बघत होता. मात्र त्याच फोटोतल्या टेकडीवर शाळकरी पोरांनी चुन्यानं काढलेली गावाची आद्याक्षरं त्यानं निगेटिव्हवरून पुसून टाकली, हेही खरं. म्हणजे खोडरबर त्याच्याही खिशात होतं. मला त्यातलं खोडरबर तेवढं सापडलं.

मी पार बदललो असं नाही. गाड्यांचा तळ मला अजून चौकटीत नको असतो, ड्रोनचा आवाज आला की डोकं उठतं, आणि फुलात आडवं पडून फोटो काढून घेणाऱ्यांना मी अजून हाकलतो. पण पुसत नाही. 'आदिम' भिंतीवरून उतरवला. मूळ फाइल शोधली, त्यात माणसं आणि कुत्रा जिथल्या तिथं होते. कुत्रा चांगला आलाय.

राहता राहिलं कास. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात गेलं. गर्दी आवरायला जाळीचं कुंपण घातलं, गुरं बाहेर राहिली. काही वर्षांत गवत माजलं, फुलं पूर्वीसारखी येईनात अशी ओरड झाली, आणि ते कुंपण काढावं लागलं. हे सगळं माझ्या घरापासून पाऊण तासावर घडत होतं, पेपरात येत होतं, मी वाचतही होतो. त्या बाईनं हातातल्या काठीनं दाखवेपर्यंत मला ती म्हैस आठवली नव्हती. मागच्या वर्षी तो पोरगा शोधून काढला. आता पस्तिशीला आलाय, लग्नाचे फोटो काढतो, धंदा बरा चाललाय. मी कोण ते त्याला ओळख देऊनही आठवेना. शेरा मात्र आठवत होता. तो फोटो आहे का, विचारलं. त्याची त्या काळची हार्ड डिस्क कधीच गेली, आणि स्पर्धेला दिलेली प्रत मंडळाच्या रद्दीत.

तेव्हा एक विनंती. कुंपणाच्या आधीचे, कासवर गुरं चरतानाचे फोटो कुणाकडे असतील, हललेले, फिकट, कसेही, आणि त्यात गुराखी असेल तर फारच उत्तम, ते टाकून देऊ नका. या मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा. मी प्रत काढून मूळ फोटो परत करीन.